पाव्हणा पाण्यात उतरला

प्रिय दादा,

आज सकाळी तुझ्या पाव्हण्यानं माझ्या गाडीच्या चाकावर पाय वर केला. मागचा डावा पाय, आणि तोही चांगला ऐटीत! उजव्या पायावर अख्खं धूड तोलून तो उभा होता आणि शांता वहिनी ओसरीवरून टाळ्या वाजवत होत्या. गाडी कालच धुतली होती, तरी मी हसतच राहिले. ही बातमी ऐकून सगळ्यात जास्त आनंद तुला झाला असता, आणि तुझा फोन काही आता लागत नाही. मग कागदच घेऊन बसले.

हा तुझ्याकडे आला कसा, आठवतं ना? कंपनीच्या बसमधून सोमाटणे फाट्याला उतरलास आणि डब्याच्या पिशवीत पिल्लू घालून परंदवडीला घेऊन आलास. अर्धा लॅब्रेडॉर, अर्धा आपल्याच वाडीचा. वहिनींनी विचारलं, "ह्ये कुनाचं?" तू म्हणालास, "पाव्हणा हाय. आजच्या दिस ऱ्हाईल, उद्या जाईल." तो उद्या काही उजाडला नाही. नाव मात्र तेच पडलं. मी फोन केला की तू सांगायचास, "पाव्हण्याला आंगूळ घालतोय." शाळेतल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, काय माणूस आहे तुमचा भाऊ, केवढा पाहुणचार!

पण दादा, एवढं खाऊ घालतात का रे? रोज सकाळी "पाव्हणं, चला च्या प्यायला!" अशी आरोळी आणि मग बशीत चहा, चहात बुडवलेलं बटर, वर आणखी एक बटर. डॉक्टर सांगत होते, याचे खुब्याचे सांधे जन्मापासून कच्चे आहेत, वजन वाढू देऊ नका. तू म्हणायचास, "खात्या घरचा हाय, दिसायला नको का?" दिसला हो, चांगला पिंपासारखा दिसला!

तू बसल्या जागी गेलास. आम्ही सगळे रडत होतो, येणारे जाणारे होते, आणि पाव्हणा तुझ्या खाटेखाली जाऊन पडला. कार्य उरकलं, माणसं पांगली, तरी तो तिथंच. पडून पडून आधीच दुबळे असलेले मागचे पाय पार गळाले. उठायला गेला की मागचा भाग फरशीवर घसरायचा आणि तो लाजल्यासारखा मान फिरवून बसायचा. वहिनी त्याच्या पोटाखाली जुनं लुगडं घालून त्याला उचलायच्या. त्यांचेच गुडघे धरलेले, तुला माहीत आहे. दोघांना एकदम कण्हताना मी ऐकलंय.

आणि वहिनी बोलायच्याच नाहीत रे. मी तळेगावहून शनिवारी यायचे, पोळी-भाजी करून ठेवायचे, "व्हय" आणि "न्हाई" यापलीकडे शब्द नाही. विहारात जायच्या नाहीत, शेजारी बसायच्या नाहीत. सगळा दिवस त्या आणि ते कुत्रं.

डॉक्टरांनी एकदा हळूच सांगितलं, असाच पडून राहिला तर जखमा होतील, मग त्याला त्रासातून सोडवावं लागेल. सचिन पुण्याहून आला होता. तुझा मुलगा आहे, मऊपणानंच म्हणाला, "आई, त्याचेही हाल, तुझेही हाल. इंजेक्शन देऊ या का?" वहिनींनी ताट बाजूला सारलं. कितीतरी दिवसांनी त्यांचं एक पूर्ण वाक्य ऐकलं. "त्यांनी आनल्याला पाव्हणा हाय. त्यो जाईल तवा जाईल, मी त्याला वाटंला लावायची न्हाई."

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला सांगितलं की कामशेतच्या अलीकडे एका शेतावर कुत्र्यांसाठी कोमट पाण्याची टाकी आहे. ज्यांचे सांधे दुखतात, पाय चालत नाहीत, त्यांना तिथं पोहायला लावतात. पाणी वजन पेलतं, सांध्यावर भार येत नाही आणि पायांत ताकद भरते. मी उड्या मारतच वहिनींकडे गेले.

"कुत्र्याला पवायला? न्हाई वो वन्सं. वाडी हसंल."

"हसू दे की! तुम्ही चला तर."

आल्या. त्याला एकटा सोडवेना म्हणून आल्या, हे मला माहीत आहे. माझ्या गाडीत तू डोळे गच्च मिटून बसायचास ना? वहिनी खिडकीबाहेर बघत निवांत बसल्या होत्या. शीक काहीतरी!

ती टाकी चालवणारी गार्गी ही तिशीची, हसऱ्या तोंडाची मुलगी. प्राण्यांच्या व्यायामाचं शिकून आली आहे. तिनं पाव्हण्याला आधी आंघोळ घातली, पाठीवर मूठ असलेलं पिवळं जाकीट चढवलं आणि उतारावरून हळूहळू पाण्यात नेलं. दादा, काय सांगू! तुझा हा शूर गडी, ढगांवर भुंकणारा, पाण्यात जाऊन भिजलेल्या गोणीसारखा लोंबकळत राहिला. पाय हलवायचं नाव नाही. गार्गीनं चेंडू दाखवला, चिकनचा तुकडा दाखवला, स्वतः भुंकून दाखवलं. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच त्याला फसवून आणलं होतं.

दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी गार्गी म्हणाली, "जबरदस्ती केली तर घाबरेल. त्याच्या जवळचं कुणी पाण्यात असतं तर बघितलं असतं." म्हणाली आणि आमच्याकडे बघितलं, पण काठावर आम्ही दोघीच होतो. एक मी, पाण्याला घाबरणारी, आणि एक गुडघे धरलेल्या वहिनी. परत येताना मला वाटलं, संपलं आता.

पुढच्या खेपेला वहिनींच्या हातात एक पिशवी होती. तिथं पोचल्यावर त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या तुझी ट्रॅक पॅंट आणि कंपनीच्या क्रिकेटचा तो ढगळा टी-शर्ट घालून! जन्मात ज्या बाईनं साडीशिवाय उंबरा ओलांडला नाही, ती! मी बघतच राहिले.

"असं काय बघताय, वन्सं? लुगडं पान्यात फुगतंय म्हनून घातलं. पोरी, मला बी त्ये जाकीट दे."

गार्गीनं त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातानं कठडा धरून, "आई गं, आई गं" करत वहिनी उतारावरून छातीएवढ्या पाण्यात गेल्या. पलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या. पाव्हण्याला उताराशी आणलं होतं, तो त्यांच्याकडे एकटक बघत होता. आणि मग वहिनींनी दम भरला आणि अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली,

"पाव्हणं, चला च्या प्यायला!"

तू गेल्यानंतर ते शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते, दादा.

पाव्हण्याचे कान उभे राहिले. पुढचे पाय सपासप हलले. आणि मागून, आधी एक, मग दुसरा, ते गळालेले पाय पाणी मारायला लागले! पाणी उडवत, फुरफुरत तो सरळ वहिनींच्या छातीवर जाऊन आदळला. गार्गी ओरडली, "मारतोय! पाय मारतोय!" वहिनी त्याला कवटाळून हसत होत्या, रडत होत्या, नाकातोंडात पाणी गेलं म्हणून शिव्या देत होत्या. मी काठावर चपला हातात घेऊन नाचत होते. कशासाठी काढल्या होत्या, देव जाणे!

त्यानंतर आम्ही एकही खेप चुकवली नाही. एका दमात थोडंच पोहायचं, मग विसावा, मग पुन्हा. चहा बंद झाला, बटरही बंद. पहिल्या दिवशी त्यानं रिकाम्या बशीकडे बघून जो चेहरा केला, तो तू बघायला नको होतास! पण वजन उतरलं. मांड्या भरल्या. आधी उभा राहिला, मग अंगण, मग फाटक, आणि आज माझं चाक.

आणि खरी गंमत पुढंच आहे. दर खेपेला कोमट पाण्यात उभं राहून वहिनींचे गुडघे मोकळे झाले. एकदा गार्गीला म्हणाल्या, "कुत्र्याला येतंय, मग मला का येऊ नये? मला बी शिकव की." गार्गी म्हणाली, ही टाकी कुत्र्यांची, पण तळेगावात पोहण्याच्या तलावावर बायकांची वेगळी वेळ असते. परवा वहिनींनी माझ्याकडून लांब बाह्यांचा पोहायचा ड्रेस मागवून घेतला. निळा. विहारातल्या बायकांना नेऊन दाखवला आणि त्यातल्या दोघींना नाव घालायला लावलं! हो, आता जातात विहारात. पाव्हण्याला दाराशी बसवून वंदना होईपर्यंत आत बसतात.

तू परंदवडीच्या विहिरीत अख्ख्या वाडीची पोरं पोहायला शिकवलीस. पाठीला डबा बांधून मलाही ढकललं होतंस, आणि मी जी किंचाळत वर आले ती पुन्हा पायरीवरसुद्धा बसले नाही. तू हसलास. पण कधी परत आग्रह केला नाहीस. थोडा करायला हवा होतास रे!

असो. वहिनींनी केला. काल मला म्हणाल्या, "वन्सं, काठावर किती दिस उभ्या ऱ्हानार? तुमच्या मापाचा बी मागवा." मी मागवलाय. सोमवारी सकाळी आम्ही दोघी तलावावर जाणार आहोत, आणि मी तुला शब्द देते, मी पाण्यात उतरणार. कठडा सोडीन की नाही, ते सांगत नाही. पण उतरणार.

जयभीम, दादा.

तुझी धाकटी,
विमल