मनीषाच्या बुटांचे खिळे

रविवार, संध्याकाळ. देवपूर.

मनीषा आज सुट्टीवर आली. माझ्या हाताखाली शिकलेली शंभर मीटरची राज्यविजेती, आता हवाई दलात वैमानिक. येताच धावायचे बूट पुढे ठेवले. “नाना, एखाद्या पोरीला द्या. मैदान सोडल्यापासून घातलेच नाहीत.”

मग तळाचे खिळे नवे कसे? हवाई दलात जाताना तर पार झिजलेले होते. माझ्या पोरींचे खिळे मीच बदलतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही.

“पळतेस का अजून?” सहज विचारल्यासारखं विचारलं. “वेळ कुठे भेटतो, नाना,” म्हणत ती चहा ढवळत बसली. चहा बिनसाखरेचा होता.

आत्ता पुन्हा बूट उजेडात धरून पाहिले. नवेच. पळतेय, याचं बरंच वाटलं. पण ते खिळे कुणी बसवले, एवढं विचारायचा धीर झाला नाही.