दीर्घ ऊ

प्रिय ताई,

तुझ्या छकुलीचा हात कसा आहे? पडली म्हणालीस फोनवर. त्यावर नंतर येते. आधी मनातली घाण बाहेर काढू दे, नाहीतर घास उतरायचा नाही.

शिसारी आलीय मला या ऑफिसची. आमच्या कंपनीच्या किटल्यांबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऑफिसच्या ज्या सर्च इंजिनमध्ये साठतात आणि मोजल्या जातात, ते मी सांभाळते. पुढच्या आठवड्यात सरकारी तपासनीस येणार, म्हणून साहेबांनी विचारलं, तक्रारींची वेगवेगळी कारणं किती? यंत्राला कुठली आलीय अक्कल! ‘झाकण उडाले’ हे एक कारण, ‘झाकन उडाले’ दुसरं, ‘झाकण उडाल’ तिसरं. शेकड्यांनी कारणं निघाली आणि साहेब खूश. इतकी वेगळी कारणं, म्हणजे किटलीत दोष नाहीच, लोकच धसमुसळे! अहवालात तेच गेलं.

मी सगळं शुद्धलेखन एकसारखं करून पुन्हा मोजलं. निम्म्याहून जास्त तक्रारी एकच निघाल्या: पाणी उकळताना झाकण उडतं. साहेबांना दाखवलं, तर गृहस्थ हसले. ज्यांना झाकण लिहिता येत नाही त्यांना ते लावता काय येणार, म्हणाले. वर हुकूम, तुझा आकडा पुसून टाक. शेजारची अकाउंटंटबाईही फिदीफिदी हसली. माणसं भाजतायत आणि हे ण-न वरून दात काढतायत! थू तुमच्या जिनगानीवर!

आपले बाबा पडले मास्तर. तुझ्या वहीत ‘ऊशीर’, ‘ऊंदीर’ दिसलं की म्हणायचे, या पोरीच्या उ ला शेपूट फार. तू पाठीमागून जीभ काढायचीस आणि पुन्हा तेच लिहायचीस. मला जाम हसू यायचं.

काल त्या ढिगात एक कारण दिसलं: ‘झाकण ऊडाले, मुलीचा हात भाजला.’ खाली नाव दाजींचं, पण दाजी कुठले असा ऊ काढायला! ताई, किटली मीच आणून दिलेली. माझ्या नोकरीवर येऊ नये म्हणून लपवलंस ना? वेडाबाई! खड्ड्यात गेली नोकरी. मी माझी मोजणी घेऊन तपासनिसांकडे जाणार आहे. किटली फेकली नसशील तर झाकणासकट घेऊन ये, आणि छकुलीलाही आण. तिच्या हाताकडे बघत साहेबांनी मला झाकणाचं शुद्धलेखन शिकवावं.

तुझ्या ऊ ला लांबून ओळखणारी,
तुझीच शेंडेफळ