पाचपैकी दोन तारे

ग्राहक मयत. हे दोन शब्द तू त्या मासिकवाल्यांना सांगितलेस आणि एक्केचाळीस वर्षं चाललेली वर्गणी एका मिनिटात बंद करून टाकलीस. मला विचारलंस? नाही. नोव्हेंबरचा अंक आला नाही, डिसेंबरचा आला नाही, तेव्हा मी बर्फ तुडवत पोस्टात गेले आणि तिथल्या बाईला चारचौघांत चोर ठरवून आले. (ती आता माझ्याशी बोलत नाही. तिकिटं शेजारच्या बर्निसकडून मागवावी लागतात. या पाकिटावरचं तिकीट बर्निसचं आहे.) मग मासिकाच्या ऑफिसात फोन लावला, तर तिथली पोरगी आवाज खाली आणून म्हणते, आजी, तुमच्या मुलानेच बंद केलंय, कारण लिहिलंय ग्राहक मयत. मी म्हटलं, बाई, ते मला माहीत आहे, नवऱ्याच्या दफनाला मी होते. पण वाचणारी अजून आहे की.

आता रीत म्हणून. चि. कर्टिस यास आईचा आशीर्वाद. तू, शेली आणि पोरं तिकडे फिनिक्सच्या उन्हात सुखरूप असाल. इकडे काल उणे बावीस होतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. डावा गुडघा ठीक नाही, पण त्याला मी तब्येतीत धरत नाही. मॅडीचा पुढचा दात पडलेला नाताळच्या कार्डावरच्या फोटोत दिसला. कार्ड छान होतं. मजकूर छापील, सह्याही छापील, त्यामुळे वाचायला त्रास झाला नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. आई, आता सगळं कॉम्प्युटरवर फुकट मिळतं, हजारो लोक वस्तू वापरून स्वतः सांगतात, मग मासिकाला वर्षाचे चाळीस डॉलर कशाला भरायचे? दिसायला बरोबर आहे. मी आठवी शिकलेली बाई, मला एवढं वादात पडता येत नाही. माझं सगळं वाचन दोनच ठिकाणी झालं, एक बायबल आणि दुसरं तुझ्या बाबांचं मासिक, आणि बायबलात कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल काही नाही. पण जे घडलं ते लिहिते, मग तूच ठरव.

तुला असं वाटायला नको की मी त्या मासिकाची भक्त आहे. तुझे बाबा होते. ते लोक दुकानात जाऊन, आपण कोण ते न सांगता, पदरच्या पैशांनी वस्तू विकत घेतात आणि मग महिनोन्‌महिने तिचा छळ करतात, हे त्यांनी मला लग्नाच्या वाढदिवशी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. टोस्टर घ्यायचा तर मासिकात टोस्टरची पाळी येईपर्यंत थांबायचं. चौदा महिने थांबलो. चौदा महिने मी पाव तव्यावर भाजला, आणि तुझे बाबा शेजारी उभे राहून सांगायचे की घाई करणारा माणूस फसतो. मग पहिल्या नंबरची गादी आणली. तिच्यावर अकरा वर्षं आम्हा दोघांनाही धड झोप लागली नाही, पण मी काही बोलले की ते छापलेला तक्ता दाखवायचे. (तक्त्यात पाठीच्या रकान्यात ठिपका उत्तमचा होता. माझी पाठ त्या रकान्यात बसत नसावी.) तेव्हा मासिक चुकत नाही असं मी म्हणत नाही. चुकतं. पण चुकायचे पैसे त्याला कोणी दिलेले नसतात.

तर ऑक्टोबरच्या शेवटी आपलं जुनं व्हॅक्यूम गेलं. सव्वीस वर्षांचं होतं, ट्रॅक्टरसारखं ओरडायचं आणि पायपुसणं गिळायचं. सहज शेलीला फोनवर बोलले, तर तिने माझ्याशी बोलता बोलता एका बोटाने नवं मागवून टाकलं. म्हणाली, आई, अकरा हजार लोकांनी पसंत केलंय, पाचपैकी चार पूर्णांक आठ तारे आहेत. तिसऱ्या दिवशी खोकं दारात. सून गुणी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या अकरा हजारांबद्दल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. सहा अक्षरं आहेत, ती कशी उच्चारायची ते कोणालाच माहीत नाही, आणि शिव्या घालायच्या तरी अडखळायला होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात लेफ्से, त्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायचा दिवस असतो, तुला आठवत असेल, लहानपणी तू टेबलाखाली बसून कच्चा उंडा खायचास. बारा बायका, दीडशे पौंड बटाटे, आणि पोळपाटापासून भिंतीपर्यंत पीठच पीठ. झाडायला चर्चचं यंत्र काढलं तर त्याचा पट्टा तुटलेला. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, माझं नवं आणते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणलं, लावलं. त्याला पुढे दिवे आहेत. घाण दिसली की हिरवे होतात. पीठ बघून हिरवे झाले, सगळ्या बायका कौतुकाने जवळ आल्या. एक मिनिटभर त्याने पीठ ओढलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, जेवढं घेतलं होतं तेवढं सगळं मागच्या बाजूने परत केलं. मागे पास्टर लिंडग्रेन उभे होते, काळ्या शर्टात, पहिली लेफ्से चाखायला आलेले. इंगाबाई एक्याण्णव वर्षांच्या, त्यांनी विचारलं की आत बर्फ कसा पडतोय. चार ताटं लेफ्से वाया गेली. कोणी मला बोललं नाही, त्या बायका बोलत नाहीत, नुसती कॉफी ओततात. फक्त बर्निसने डोळे पुसत तुझ्या बाबांचं नाव काढलं, "अर्डिथ, ऑर्विल असता तर हे आपल्या डोळ्यांत गेलं नसतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

घरी येऊन खोकं उलटं केलं तर तळाशी एक गुळगुळीत कार्ड. पाच तारे द्या, तुमचं मत लिहा, वीस डॉलरची भेट मिळवा. म्हणजे हे तुझे अकरा हजार साक्षीदार. अरे, तू लहान असताना शेजाऱ्याच्या खिडकीचं प्रकरण झालं, तेव्हा तू धाकट्या भावाला चॉकलेट देऊन साक्षीला उभं केलं होतंस आणि मी दोघांनाही बदडलं होतं. तेव्हा जे तुला कळलं होतं ते आता पन्नाशीत विसरलास? ज्याचा पैसा त्याची बाजू. मासिकाला पैसे मी देत होते म्हणून ते माझ्या बाजूचं होतं. फुकट सांगणाऱ्याला कोण देतं ते खोक्याच्या तळाशी बघायचं.

मग मी लायब्ररीत गेले आणि नोरीनला म्हटलं, मलाही मत द्यायचंय. तिने कॉम्प्युटर उघडून माझं नाव आणि फोन नंबर भरला. मी सांगितलं, तिने टाइप केलं: हे यंत्र जमिनीवरचं पीठ उचलून माणसांवर टाकतं. दिवे चांगले आहेत. एक तारा दिव्यांचा.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजला. कंपनीचा माणूस, नाव डेस्मंड. म्हणाला, मॅडम, तुम्हाला आलेल्या अनुभवाबद्दल आम्हाला अतिशय खेद आहे. मी म्हटलं, पीठ माझ्या केसांत गेलं, खेद तुला कसा झाला? तो हसला. कागदावर लिहिलेलं वाचणारा माणूस हसला की समजावं कागद संपला. तारे वाढवलेत तर सगळे पैसे परत म्हणाला. नको म्हटलं. पुढच्या मंगळवारी दहाला पुन्हा. आता नवं यंत्र म्हणाला. नको म्हटलं. तिसऱ्या मंगळवारी हवा ओलसर ठेवायचं एक यंत्र न विचारताच पाठवलं. तरीही मी नको म्हटलं. मी दहाची कॉफी करून फोनजवळ बसत होते. फोनसाठी नाही, दहाला मी कॉफी घेतेच. (पूर्वी नऊला घ्यायचे. हिवाळ्यात उजाडतं उशिरा.)

पोरगा ऐकून घ्यायचा, हे मात्र म्हणेन. गुडघ्याचं ऐकलं. गादीचं ऐकलं. टोस्टरचं सांगितलं तेव्हा मध्येच विचारलं, मग टोस्टर कसा निघाला? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. (अजून चालतो.) तो तुझ्यापेक्षा नेमाने फोन करायचा. टोमणा नाही, जे आहे ते लिहिलं.

एकदा मीच विचारलं, तुझी आई कुठे असते? म्हणाला, दुसऱ्या गावी. शेवटचा फोन कधी केलास? तर आढेवेढे. दिवसभर ऐंशी लोकांशी बोलावं लागतं, मॅडम, संध्याकाळी फोन हातात धरवत नाही. मी म्हटलं, म्हणजे मला माझ्या मुलाचं कारण आज समजलं, फक्त तो दातांच्या दवाखान्याचा हिशेब बघतो, त्याचं तोंड कशाने दुखतं ते कळत नाही. मग अट घातली. आधी आईला फोन, मग तारा. पुढच्या मंगळवारी सांगतो कसा, केला, आणि आईने चाळीस मिनिटं झाडला. म्हणजे खरंच केला असणार. असलं खोटं कोणी रचत नाही.

शब्द दिला तो पाळला. लायब्ररीत जाऊन एकाचे दोन केले. नोरीनला लिहायला लावलं: एक तारा दिव्यांचा, एक डेस्मंडचा. ती म्हणाली, आजी, इथे माणसांना तारे देत नाहीत. मी म्हटलं, तू टाइप कर, यंत्राला काय कळतंय. डेस्मंडने आधी सांगितलं होतं, एक जरी वाढला तरी पुरे, तेवढ्याने तुमचं प्रकरण बंद होईल. बंद म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी दहाला फोन वाजला नाही. मी उचलून बघितला, चालू होता. सव्वादहाला बर्निसला फोन करून सांगितलं की मला फोन कर, घंटा वाजते का बघायचंय. घंटा वाजते. बर्निस म्हणाली, तू बरी आहेस ना? मी म्हटलं, मी घंटा तपासतेय, स्वतःला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की पैसे देऊन घेतलेला सल्ला महाग नसतो. वर्गणी पुन्हा सुरू कर. मलाच करता आली असती, पण त्या पोरीने सांगितलं की बंद करणाऱ्याने सुरू केली तर जुनाच नंबर मिळेल आणि पाकिटावर जुनंच नाव येईल. मला नवं नाव नको आहे. उन्हात टोपी घालत जा. शेलीला, पोरांना आशीर्वाद.

तुझी आई,
अर्डिथ

ता. क. व्हॅक्यूम परत पाठवलेलं नाही. तळघरात मासिकांच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवलंय. चाळीस वर्षांचे तक्ते त्याच्याकडे बघत असतात. लाज वाटली तर वाटो.

ता. क. दुसरी. ते हवा ओलसर ठेवायचं यंत्र उत्तम चालतं, घसासुद्धा सुधारला. तरी गेल्या आठवड्यात त्याला एक तारा देऊन आले. मंगळवारी दहाला फोन आला, पण डेस्मंड नव्हता, कोणी घाईतली बाई होती, तिला टोस्टरशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिथल्या तिथे पाच कबूल करून मोकळी झाले. म्हणजे आता मीही त्या अकरा हजारांतली. फुकटचे तारे कोण वाटतं ते तुला कळावं म्हणून लिहिलं. सगळेच काही वीस डॉलरसाठी देत नाहीत.

ता. क. तिसरी, आणि पत्र खरं यासाठीच होतं. मासिकवाले दर वसंतात वर्गणीदारांना मोठा फॉर्म पाठवतात, तुमचं फ्रिज कसं आहे, गाडी कशी आहे. तुझे बाबा पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसायचे आणि मला एकेक विचारायचे, अर्डिथ, धुण्याच्या यंत्राला पाचपैकी किती? मी भांडी घासता घासता सांगायचे. ते गेल्यावर तिन्ही वर्षं मी फॉर्म भरला. त्यात शेवटी एक प्रश्न असतो, घरात माणसं किती. तीन वर्षं मी दोन लिहिलं. ते मासिक खरं बोलतं आणि मी त्याला खोटा आकडा दिला, हे मनाला लागून होतं. यंदा एक लिहायचं ठरवलं होतं, आणि तू फॉर्मच बंद केलास. फॉर्म एप्रिलमध्ये निघतो, तेव्हा उशीर नको.

उत्तर शेलीने द्यायचं नाही, तिला कामं असतात. छापील कार्डाने द्यायचं नाही. तू द्यायचं, तोंडाने. मंगळवारी दहाला मी फोनजवळच असते.