खिडकीकडे तोंड

३ ऑक्टोबर
खुब्याचं ऑपरेशन उत्तम. घरी आलो. लेकीने पलंग फिरवून ठेवलाय. समोर खिडकी, खिडकीत बदामाचं झाड. मला विचारलं नाही. टोमणा आहे, ओळखून आहे मी. तिची आई याच पलंगावर शेवटचे सात महिने भिंतीकडे तोंड करून होती. लक्ष द्यायचं नाही. संकल्प: पंधरा तारखेला वॉकरशिवाय फाटकापर्यंत.

५ ऑक्टोबर
फिजिओथेरपिस्ट बाई खूश. म्हणाल्या, पलंगावरून झाड दिसलं की पेशंट लवकर उठतो, गोळ्याही कमी लागतात. मी म्हटलं, ही विलपॉवर आहे. झाडाचा काय संबंध?

६ ऑक्टोबर
दुपारची गोळी विसरलो. खारीची पळापळ बघत होतो. विलपॉवर.

८ ऑक्टोबर, दुपारी ४
उन्हं कलली की झाडाची सावली त्या भिंतीवर पडते. आज मान वळवून पाहिली. म्हणजे लेकीच्या आईलाही झाड दिसत होतंच, एका परीने.
पलंग वळवा, असं ती तीनदा म्हणाली होती. एकदा मी म्हणालो, फरशीला चरे पडतील. एकदा, चार माणसांशिवाय हलायचा नाही. तिसऱ्यांदा बहुतेक पेपर वाचत होतो.
लेकीने एकटीने हलवला.

९ ऑक्टोबर
सावली हलली की वाटतं, मागे कुणीतरी कूस बदलतंय. पडदा लावून घेतला.

११ ऑक्टोबर
पडदा बंदच. दोनाच्या चार गोळ्या झाल्या. हवामान. तरी मागे कूस बदलतेच. बाई विचारत होत्या, काय बिनसलं. फाटक पुढच्या आठवड्यात.

१२ ऑक्टोबर
लेकीशी एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. मुद्दे काढले: फरशी, वजन, गार वारा, सावली. निरुत्तर होईल.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
सगळे मुद्दे मांडले. तिसऱ्यांदाचंही सांगून टाकलं, ओघात. लेक ऐकत राहिली. मग म्हणाली, बाबा, वॉकर वळायला जागा हवी म्हणून पलंग फिरवला. बाकी मला काहीच ठाऊक नव्हतं. मी आईला विचारलं होतं, खिडकीकडे करू का तोंड? तर ती म्हणाली, नको गं, तुझे बाबा केव्हाचे मागे लागलेत, मलाच उजेड सोसत नाही.
एवढं बोलून लेकीने पडदा उघडला आणि खोलीबाहेर गेली.
दोनदा हाक मारली. कामात असेल.