लाकडाचं चित्र छापलेला पाइप

पियानोरासो,
१२ डिसेंबर

प्रिय निको,

तुझी पेटी पोचली. तोरिनोत बर्फ पडल्याचं वाचलं. इथे नुसता ओला गारठा आहे. अंगणातल्या खड्ड्यातल्या पाइपच्या लाकडाच्या गाठींना रोज पाणी मारावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. बाबांचं तसंच चाललंय. खोकतात, खोकल्याला शिव्या देतात, पुन्हा पाइप पेटवतात. डॉक्टर लारोक्काबाई काय म्हणाल्या ते तुला ठाऊक आहेच: धूर थांबला नाही, तर ईस्टरपर्यंत घरात प्राणवायूचं नळकांडं येईल आणि मग ते परत जायचं नाही.

तुझ्या चिठ्ठीत होतं, 'ताई, फोनवर तू चिडतेस, म्हणून लिहून कळव. हा विजेचा पाइप बाबांना दे आणि त्याचे फायदे-तोटे दोन्ही सांग. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुलाच विचारतोय.' बरं. लिहिते.

आधी रूप. प्लास्टिकवर लाकडाच्या रेषांचं चित्र छापलंय. आपल्या घरी पाइप करायला झुडपाच्या मुळाची गाठ ओल्या गोणपाटाखाली ठेवतात, कापून तांब्याच्या हंड्यात दिवसभर उकळतात, दोन-दोन वर्षं सावलीत वाळवतात, आणि तरी निम्म्या तुकड्यांना तडा जाऊन ते चुलीत जातात. त्या घरी तू लाकडाचं चित्र पाठवलंस. ओढलं की वाटीत लाल दिवा लागतो, नाताळच्या देखाव्यात मेंढपाळांच्या शेकोटीला लावतात तसला. आत भरायच्या रसाच्या डबीवर 'कडक तंबाखू' लिहिलंय. वास करपलेल्या कस्टर्डचा. शिवाय झोपताना तो भिंतीतल्या प्लगला लावून ठेवायचा. माणसाने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपला पाइप चार्ज करायला शिकायचं.

आता फायदे. राख पडत नाही. गालिच्याला भोक पडणार नाही. आपल्याकडे गालिचा नाही. काही जळत नाही, असं सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत आहे. त्याऐवजी छातीत काय जातं, ते इतक्या बारीक अक्षरांत आहे की मी शाळेतलं भिंग आणलं, तरी निम्मंच कळलं. म्हणून डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे: "मी याला चांगलं म्हणणार नाही. पण जळतंय ते आधी थांबवा, चांगल्याचं मग बोलू."

बाबांचं म्हणशील, तर त्यांनी ती वस्तू फेकून दिली. मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यांना ओळखतोसच.

नाताळला येणार नाहीस, हे धरून चालते.

जे आहे तेच लिहिणारी,
तुझी ताई


पियानोरासो,
१९ मार्च, संत जोसेफचा दिवस

प्रिय निको,

आज सुतारांच्या संताचा सण, म्हणून यंत्रं बंद आहेत. चणे घालून पास्ता केला होता. बाबांनी अर्धी वाटी खाल्ली आणि चणे कच्चे राहिले म्हणून माझी अक्कल काढली. चणे शिजलेले होते. तेव्हा तब्येत बरी म्हणायची.

तुला फोन करायचा म्हणून मी तीनदा बसले. तीनही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. आता लिहिते, लिहिताना तरी मला पळता येत नाही.

दोन फेब्रुवारीला, कँडेलोराच्या दिवशी, आशीर्वादाची मेणबत्ती घेऊन येताना बाबा चर्चच्या पायऱ्यांवर बसले ते उठलेच नाहीत, हे तुला माहीत आहे. इस्पितळातले अकरा दिवसही माहीत आहेत. चौथ्या दिवशी तू फोन केलास. त्यांचा हात सुईने अडकलेला, म्हणून फोन मी त्यांच्या कानाला धरला होता. त्यामुळे तुझं सगळं मला ऐकू आलं. तू म्हणालास, "बाबा, डिसेंबरात मी पाइप पाठवला आणि तुम्ही तो फेकून दिलात! एक दिवस ओढून तरी बघायचा होता!"

बाबा म्हणाले, "फेकला. माझा पाइप, माझी मर्जी. आणि आजारी माणसावर ओरडू नये, एवढं तुझ्या आईनं शिकवलं होतं."

मी फोन बंद केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोरा," ते म्हणाले, "मी काय फेकलं गं?"

शेजारच्या खाटेवर कोझिमो होता, आपल्याला गाठी खणून देणारा. तो म्हणाला, "अक्कल फेकली असेल, मास्त्रो. मला कुठे सापडली नाही ती." दोघं हसता हसता खोकत बसले. मला त्या हसण्यात निसटता आलं असतं.

निको, बाबांनी काही फेकलं नव्हतं. त्यांनी तो पाइप पाहिलाच नव्हता. कँडेलोरापर्यंत सत्तावन्न दिवस तो माझ्या कपाटात, रोजनिश्यांच्या मागे पडून होता. मी सात डिसेंबरचं पान काढून पाहिलं. 'निकोची पेटी आली. बाबांना नंतर.' बस. आपली मांजर व्याली त्या दिवशीचं दीड पान आहे.

का, ते मी बरेच दिवस स्वतःला विचारतेय. वस्तू हलकी होती म्हणून, हे पहिलं उत्तर. हलकी आहेच. पण तेवढंच कारण असतं, तर तुला सरळ लिहिलं असतं: नाही देत, जा, काय करायचं ते कर. खरं हे आहे, की चौदा वर्षं मी भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकतेय. पाइप लपवले, भांडले, रडले. एका झुरक्याचा फरक पडला नाही. आणि तू दुकानातल्या मांडणीवरून एक खेळणं उचलून पाठवलंस. ते लागू पडलं असतं तर? बाबांना वाचवणारा तू ठरला असतास. मला ते सहन झालं नसतं. हे वाक्य मी आत्ता परत वाचलं. खोडावंसं वाटतंय. खोडत नाही.

मी सांगून टाकल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "निकोनं पाठवलाय? मग आण की."

दुसऱ्या दिवशी नेला. इस्पितळाच्या गच्चीत बसून त्यांनी चष्मा लावला, नखाने खरवडून पाहिलं. "हे लाकूड नाही, लाकडाचा फोटो आहे. आणि याची मान बघ, बदक गिळायला लागलं आणि अडकलं." ओढला. दिवा लागला.

"मास्त्रो, लाल आहे, थांबा!" कोझिमो ओरडला. "फाटक पडलंय!"

तोंड वाकडं करत बाबांनी चार झुरके घेतले. आणि मग, साठ वर्षांच्या सवयीचा हात, राख झाडायला त्यांनी तो उलटा केला आणि कठड्यावर ठाणकन आपटला. आतली काच फुटली. सगळा रस पायजम्यावर. नर्स आली आणि म्हणाली, "केक कोण भाजतंय इथे?"

घरी आल्यावर मी खालच्या गावातून तसलाच दुसरा आणला. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? मी मान खाली घालून बाबांचं नाव सांगितलं, पाइप करणारे मास्त्रो वितालियानो. तो इतका हसला की त्याने बायकोला बाहेर बोलावलं.

नळकांडं आलं, ईस्टरच्या आधीच. नाकात नळी घालून बाबा रोज वीस मिनिटं कामाच्या बाकावर बसायचे. नव्या पाइपचं प्लास्टिक सोलून टाकलं, आतलं यंत्र ठेवलं, आणि कधीपासून राखून ठेवलेल्या गाठीतून त्याला अंग कोरलं. तीन आठवडे लागले. आत कातड्याची पट्टी बसवलीय. "हात आपटणारच," म्हणाले, "तो काही आता शिकायचा नाही. पाइपनेच सोसायला पाहिजे." आता नळी काढून अंगणात जातात आणि दिवसातून तीनदा तेच ओढतात, दर वेळी त्याला नावं ठेवत. जळती तंबाखू कँडेलोरापासून नाही.

काम झालं तेव्हा मी त्यांचा, प्रत्येक पाइपवर मारायचा ठसा पुढे केला. घेतला नाही. "चालतं हे. पण पाइप नाही. खोट्यावर माझा ठसा नाही." बोलताना ते लाकडाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. तरी मी दोन दिवस तेच घेऊन बसले.

डॉक्टरबाईंनाही विचारलं: डिसेंबरात दिला असता, तर नळकांडं टळलं असतं का? त्या म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्याकडे नाही." हो म्हणाल्या असत्या, तरी मला चाललं असतं.

बाबांनी बजावलंय, तुला सांगायचं नाही. "मी फेकला, असंच राहू दे. मी म्हातारा आहे, मला शोभतं. तुम्ही दोघं मात्र माझ्यामागे एकमेकांशी भांडत राहाल." त्यांचा शब्द मोडून लिहितेय. तू फोनवर अजून त्यांच्याशी तुटक बोलतोस, आणि ते माझ्यासाठी ते गिळतात, हे मला बघवत नाही.

तेव्हा डिसेंबरच्या पत्रात दुरुस्ती कर. तोटे लिहिलेत तसेच राहू देत. एकही मागे घेत नाही, ती वस्तू भिकारच आहे. फायद्यांत मात्र एक राहिला होता. तू पाठवलाय म्हटल्यावर बाबांनी तो लगेच मागितला. डिसेंबरातही मागितला असता.

ईस्टरला ये. त्यांना तो लाल दिवा काढून हवाय, आणि ते काम इथे कुणाला जमत नाही. मला भेटायचं नसेल, तर ते तीन दिवस मी कोझिमोच्या बहिणीकडे राहीन. तसं कळव.

डिसेंबरात सहीच्या वर 'जे आहे तेच' असं लिहिलं होतं, ते आज लिहवत नाही.

दोरा