वजिराची जागा आणि माझा पाय

मंगळवार, तामलवाडी, दिवेलागणीला

आजही पाय वळला नाही. लीगच्या नव्या नियमाप्रमाणे खो-खोत वजीर झालेला खेळाडू पाठलाग करताना हवं तिकडं वळू शकतो. बाकीच्यांनी खांबापर्यंत एकाच दिशेनं धावायचं. मी नऊ वर्षं तसंच धावलो. वळलं की फाऊल, हे पायातच मुरलंय.

लीगच्या निवड चाचणीला आमच्या क्लबातून बारा नावं जाणार. अकरा ठरली. बारावी जागा वजिराची, मी किंवा अमोल. तो अठराचा, मी चोवीसचा. पुढच्या वर्षी मला कोण घेणार?

सरावात मी आमच्या प्रशिक्षक सरांशी वाद घातला. "सर, वळायला लागलो तर खो-खो राहिला कुठं?"

"नियम आपल्या गावात ठरत न्हाय रं. वळ."

अमोल म्हणाला, "दादा, तुमी वकील व्हा."

मग धावलो. ज्याला बाद करायचं तो गडी माझ्या मागं, दोन हातांवर. नुसतं वळायचं होतं. पाय खांबाकडंच गेला. का?

अक्षर चांगलं म्हणून यादी मीच लिहितो. सरांनी सांगितलं तसं बारावं नाव अमोलचं लिहिलं, शुद्ध. उद्या ती धाराशिवला द्यायलाही मीच जाणार.

आईनं आत्ताच विचारलं, "तुझं नाव कितवं हाय रं?"

म्हटलं, उद्या सांगतो.