फ्रेंच डबीवरचा शिक्का

बाबा, आज मोरजीहून एक बाई दुकानात आली, जुन्या वस्तूंचा धंदा करणारी. तिने चामड्याच्या पेटीतून चांदीची साबणाची डबी काढली. फ्रेंच, आगबोटीने फिरणाऱ्या श्रीमंतांच्या सामानातली. भिंग लावून तिने आधी कारागिराचा शिक्का शोधला, मग काम बघितलं.

मये गावच्या जमीनदाराची, त्या भाटकाराची, तसलीच डबी तुमच्याकडे आली होती, बिजागरी झाळायला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. साखळी गावातल्या आपल्या दुकानात मुलीने रिठ्याच्या पाण्यात दागिने घासायचे, कारागिराच्या पाटावर बसायचं नाही. तरी त्या महिन्यात मी लपूनछपून कुंकवाची एक डबी घडवली आणि तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही झाकण एकदा उघडलंत, मिटलंत, "बरी आसा गो," म्हणालात, आणि भिंग परत त्या फ्रेंच डबीवर. तळाला तिळाएवढा शिक्का, शंकरपाळ्याच्या आकाराचा, आत दोन अक्षरं. "हात पळय हेचो. सांदो खंय आसा तें कळना." दोन दिवस त्या न दिसणाऱ्या सांध्याचंच कौतुक. आईला तेच, गिऱ्हाइकांना तेच. ज्या माणसाला तुम्ही जन्मात पाहिलं नाही, जो मेलाही असेल कधीचा, त्याच्यावर तुमचा जीव. आणि मी समोर बसलेय, घासून घासून बोटं काळी झालेली. जळले हो मी, सरळ सांगते.

तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात आणि मी कानस उचलली. त्या शिक्क्यावरून चार-पाच वेळा फिरवली, वरून घासून चकचकीत केलं. तुम्ही परत आलात, भिंग लावलंत, दारापाशी उजेडात नेऊन पुन्हा लावलंत. सकाळभर पॉलिश तुम्हीच केलं होतं, कोणाला हात लावू दिला नव्हता, म्हणून दोषही स्वतःलाच दिलात. मयेला जाऊन भाटकारापुढे हात जोडलेत. तो बापडा "असूं दी" म्हणाला. पण त्यानंतर तुम्ही नाजूक काम हाती धरलं नाहीत. "म्हज्या हाताचो भरवंसो ना आतां," म्हणालात आणि भावकीची बोलणी खाऊन मला पाटावर बसवलंत.

लोक अजून सांगतात, बापाने लेकीला पाट दिला, केवढं मोठं मन त्याचं. मी मान हलवते. तुम्ही होतात तोवर तोंड उघडलं नाही, आणि हा कागदही विस्तवातच जायचा. तुम्ही पाटावरून उठलात तेव्हा मला तुमची दया आली नाही, बाबा. बरं वाटलं.